चौदाशे शब्दांची वही

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

माझं वय ४१. शिक्षण मराठी माध्यमातून. दोन वर्षांपूर्वी बढती मिळाली आणि पत्रं, अहवाल इंग्रजीतून लिहायची वेळ आली. तेव्हापासून एका जाड वहीत अक्षरवार इंग्रजी शब्द आणि त्यांचे अर्थ उतरवून पाठ करते आहे. 'ए'पासून निघून 'जी'पर्यंत पोचले, साधारण १४०० शब्द झाले. शिवाय वेगळी पानं आहेत: 'के' लिहायचा पण म्हणायचा नाही असे शब्द, 'पी-एच'चे शब्द, एका अक्षराचा फरक असलेल्या जोड्या. दोन महिन्यांपूर्वी एका कार्यक्रमाच्या निमंत्रणात मी प्रमुख पाहुण्यांना 'इन्फमस' असं विशेषण लावलं. 'फेमस'च्याही वरचं काहीतरी असेल असं वाटलं होतं. पत्र पन्नासेक जणांना गेलं. हाताखालच्या एका मुलानं हसत हसत अर्थ सांगितला. त्या दिवसापासून साधं दोन ओळींचं उत्तर लिहितानाही हात अडतो. वही उघडली की सारख्या अक्षरांचे शब्द एकमेकांत मिसळतात. माझी शाळकरी मुलगी अक्षरं जुळवायच्या खेळात मला हरवते, आणि तिला त्या शब्दांचे अर्थही ठाऊक नसतात. माझी स्मरणशक्तीच अधू आहे का? वही पुन्हा 'ए'पासून सुरू करू, की हा नाद सोडून देऊ?

उत्तर:

स्मरणशक्तीचं आधी मिटवून टाकू. अधू स्मरणशक्तीच्या माणसाला दोन महिन्यांपूर्वीचा एक शब्द इतका टोचत नाही. अडचण वहीच्या मांडणीची आहे, आणि ती मांडणीही तुमची नाही, शब्दकोशाकडून उसनी घेतलेली आहे.

अकारविल्हे क्रम असतो तो शब्द सापडावा म्हणून. लक्षात राहावा म्हणून नव्हे. रॉबर्ट कॉड्री नावाच्या गृहस्थानं १६०४ साली इंग्रजीतल्या अवघड शब्दांचा अकारविल्हे कोश छापला, तेव्हा लोकांना हा क्रम इतका परका होता की प्रस्तावनेत त्याला बजावावं लागलं: शब्द 'ए'नं सुरू होत असेल तर पुस्तकाच्या सुरुवातीला बघा, 'व्ही'नं होत असेल तर शेवटाकडे. उलट अमरकोश आठवा. तो पाठच करायचा होता, म्हणून श्लोकांत बांधला आणि अर्थानं लावला. स्वर्गवर्ग वेगळा, वनौषधिवर्ग वेगळा. तुम्ही शोधायची यादी पाठ करायला घेतलीत, एवढंच झालं.

तुमच्या 'ई'च्या पानावर 'एम्बार्क' आणि 'एम्बार्गो' एकाखाली एक असणार, पैज लावते. 'एम्बार्क' म्हणजे जहाजात चढणं, आणि त्यावरून एखाद्या कामाला हात घालणं. त्यातल्या 'बार्क'चा अर्थ होडी. 'एम्बार्गो' स्पॅनिशमधून आला, मुळात अडवणं, आता व्यापारबंदी. एक निघणारा, दुसरा अडवणारा. दोघांची ओळख नाही, देणंघेणं नाही, पण तुमच्या वहीत ते शेजारी राहतात, एकाच दिवशी पाठ झाले आणि आता एकाला हाक मारली की दुसरा ओ देतो. यात डोक्याचा दोष कसला?

आता 'इन्फमस'. त्याचा अर्थ कुख्यात, हे आता तुम्हाला आयुष्यभर विसरता यायचं नाही. पण तुमची चूक बिनडोक नव्हती, ती कशी झाली हे पाहण्यासारखं आहे. 'फेमस'ला पुढे काहीतरी जोडलं म्हणजे अर्थ वाढला असणार, असं तुम्ही धरलंत. मराठीत तसं होतंही. ख्यात आणि विख्यात, शुद्ध आणि विशुद्ध. पण तोच 'वि' विफल आणि विसंगत या शब्दांत नकार आणतो. 'वि'च्या शब्दांची यादी तुम्ही कधी पाठ केली होती का? नाही. तरी विफल म्हणजे 'फारच सफल' असं तुम्हाला स्वप्नातही वाटणार नाही, कारण हे शब्द तुम्हाला वाक्यांत भेटले, पुन्हा पुन्हा भेटले.

'इन'चंही असंच दुहेरी काम आहे. कधी तो नकार देतो: 'इनकरेक्ट' म्हणजे चुकीचं, 'इनव्हिजिबल' म्हणजे न दिसणारं. कधी त्याचा अर्थ नुसता 'आत' असतो: 'इनहेल' म्हणजे श्वास आत घेणं, 'इन्क्लूड' म्हणजे आत धरणं, 'इन्स्पेक्ट' म्हणजे आत डोकावून पाहणं. आणि हा 'इन' पुढचं अक्षर पाहून वेषही बदलतो. 'लीगल'ला लागला की स्पेलिंगमध्ये 'एल' दोनदा येतो, 'रेग्युलर'ला लागला की 'आर' दोनदा, 'पॉसिबल'ला लागताना 'एन'चा 'एम' होतो. हे नवीन वाटतंय? उत् अधिक लेख, उल्लेख. उत् अधिक लास, उल्लास. शाळेत संधी सोडवताना आपण हेच केलं होतं. 'इल्लीगल'मध्ये 'एल' एकदा की दोनदा असा प्रश्न पडला तर पाठांतर आठवू नका, संधी सोडवा: एक 'एल' उपसर्गाचा, एक शब्दाचा.

'इन्फ्लेमेबल' या शब्दानं तर इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही चकवलं आहे. त्यातला 'इन' नकाराचा नाही, त्याचा अर्थ झटकन पेट घेणारं. पण वाचणाऱ्याला वाटायचं, न पेटणारं. पेटणाऱ्या मालाच्या बाबतीत असा गैरसमज परवडणारा नव्हता, म्हणून गेल्या शतकात सुरक्षेचं काम पाहणाऱ्यांनी पाट्यांवर 'फ्लेमेबल' हा आखूड शब्द रूढ करायला घेतला. त्यामुळे 'इन'सकट आणि 'इन'शिवाय, दोन्हींचा अर्थ आज एकच आहे.

माझीही एक सांगते. कामाला नवीन असताना एका वरिष्ठांनी माझ्या मदतीबद्दल लिहिलं होतं की ती 'इन्व्हॅल्युएबल' होती. 'व्हॅल्यू' म्हणजे किंमत, 'इन' म्हणजे नाही. माझ्या कामाला काडीची किंमत नाही असं हे सभ्यपणे सुचवताहेत, अशी समजूत करून घेऊन मी दोन दिवस धुसफुसत होते. अर्थ कळला तेव्हा आणखीच ओशाळले, कारण 'अमूल्य' हा शब्द मी जन्मभर वापरत आले होते आणि त्याची घडण अक्षरशः तीच आहे.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती जरा सैल करू. सारखी अक्षरं म्हणजे काहीतरी सारखेपणा, आणि तो सापडला की शब्द ताब्यात आले, असं तुम्ही मानता. सारखेपणा असतो, पण एकाच जातीचा नसतो. 'पी-ई-डी' ही तीन अक्षरं घ्या. 'पेडल' पायानं मारायचं, 'पेडेस्ट्रियन' पायी चालणारा, 'सेंटिपीड' शंभर पायांचा म्हणवला जाणारा किडा. हे सगळे लॅटिनमधल्या पायावरून आलेले, आणि तो पाय आपल्या 'पद'चा दूरचा भाऊबंद आहे. मग 'पेडियाट्रिशियन' पायाचा डॉक्टर का नाही? कारण तिथला 'पेड' ग्रीक, त्याचा अर्थ मूल. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये त्यात एक जादा 'ए' असतो, म्हणून तो परका असल्याचं दिसतं तरी. अमेरिकनांनी तो काढून टाकला आणि दोन्ही घराणी एकाच आडनावाची दिसू लागली.

आणखी एक जात आहे, ती मला फार आवडते. 'ग्लो', 'ग्लीम', 'ग्लिटर', 'ग्लिंट': 'जी-एल'नं सुरू होणारे हे सगळे शब्द काही ना काही चमकवतात. तुमच्या 'जी'च्या पानावर असतीलच. त्यांच्या शेजारी आपले झगमग, झळाळी, झळकणं ठेवून बघा. जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञानं अशा अर्थसूचक ध्वनिगटांना १९३० मध्ये 'फोनेस्थीम' असं नाव दिलं. 'एस-एन'चा गट असाच नाकाभोवती घोटाळतो: 'स्नोअर' घोरणं, 'स्निफ' हुंगणं, 'स्नाउट' जनावराचं नाकाड, 'स्नीझ' शिंकणं. गंमत म्हणजे शिंकेचा हा शब्द जुन्या इंग्रजीत 'एफ-एन'नं सुरू व्हायचा. 'एफ-एन'चे शब्द भाषेतून गेले तसा तो नाकवाल्यांच्या गटात येऊन बसला. मात्र यावरून नियम काढायला जाऊ नका. 'ग्लव्ह' आणि 'ग्लू' चमकत नाहीत, जसं आपलं झाड चमकत नाही आणि झोपही नाही.

न उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरांची तुमची पानं फाडू नका. ती अर्थासाठी नाहीत, फक्त हाताला वळण लागावं म्हणून आहेत, एवढं वर लिहून ठेवा. 'नाइफ', 'नी', 'नो' यांतला 'के' एके काळी खरंच म्हटला जायचा. तोंडानं तो सोडला, लेखणीनं नाही. कर्जाच्या 'डेट'मधला 'बी' मात्र कुणी कधी उच्चारला नाही. फ्रेंचमधून आलेल्या त्या शब्दात तो नव्हताच, लॅटिन मूळ दिसावं म्हणून विद्वानांनी मागाहून घुसवला. 'आयलंड'मधला 'एस' तर निव्वळ गैरसमजातून आला. बेटाचा हा अस्सल जुना इंग्रजी शब्द, त्याचं लॅटिनशी नातं नाही, पण 'आइल' या बेटाच्याच अर्थाच्या, लॅटिनमधून आलेल्या दुसऱ्या शब्दाकडे बघून लोकांनी त्यात 'एस' लिहायला सुरुवात केली. ज्या भाषेत पंडितांच्या चुका स्पेलिंग म्हणून टिकल्या, तिथे तुमच्या एका निमंत्रणाचं किती मनाला लावून घ्यायचं ते तुम्हीच ठरवा.

राहिल्या जोड्या. वहीतलं सगळ्यात घातक पान हेच. 'स्टेशनरी' आणि 'स्टेशनरी', एकाच्या शेवटून तिसऱ्या जागी 'ए', दुसऱ्याच्या 'ई'. एकाचा अर्थ स्थिर, दुसऱ्याचा कागद-लेखण्या. उच्चार जवळजवळ एकच. तुम्ही दोन्ही एकाच ओळीत लिहिले, मध्ये बाण काढला, एकाच बैठकीत पाठ केले. आता कागद मागवताना कोणता लिहायचा हे आठवत नाही, कारण दोघांच्या आठवणी एकमेकांना चिकटूनच साठल्या आहेत. दिन आणि दीन यांचा आपला गोंधळ होत नाही, कारण ते आपण जोडीनं शिकलोच नाही. एक वाढदिवसाच्या शुभेच्छांत भेटला, दुसरा दीनदुबळ्यांत.

पॉल नेशन हे न्यूझीलंडचे अभ्यासक, शब्द कसे शिकले जातात यावर त्यांनी दीर्घकाळ काम केलं आहे. एकमेकांत गुंतू शकणारे शब्द सुरुवातीला एकत्र शिकवू नयेत, असं ते बजावतात. आधी एक पक्का होऊ द्यायचा, मग दुसरा आणायचा. तेव्हा या महिन्यात फक्त 'ए'वाला. त्याला नातलगांत बसवा: 'स्टँड', 'स्टॅटिक', 'स्टॅच्यू', आणि आपले स्थिर, स्थान, स्थिती. 'एस-टी' ऐकू येतं आणि 'स्था'ही ऐकू येतो, कारण हे सगळे एकाच प्राचीन मुळाचे आहेत. पुढच्या महिन्यात 'ई'वाला, आणि त्याची गोष्ट वेगळी. फिरत्या विक्रेत्यांच्या काळात जो एका जागी ठाण मांडून पुस्तकं विकायचा, तो 'स्टेशनर'. त्याच्याकडे मिळेल ते 'स्टेशनरी'. 'पेपर'च्या शेवटी 'ई-आर' आहे, 'स्टेशनर'च्याही शेवटी 'ई-आर' आहे, संपलं. दोन्ही शब्द मुळात एकच, हे तुम्हाला दिसलं असेल. पण ते दोन्ही पक्के झाल्यावर मजा म्हणून बघायचं. तुमच्या पत्राचा मुद्दा पटवायला ते मला आत्ताच सांगावं लागलं, तेवढं कानाआड करा.

मुलगी जिंकते त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तिची विद्या खरी आहे, पण वेगळी आहे. नायजेल रिचर्ड्स या न्यूझीलंडच्या स्क्रॅबलपटूनं २०१५ मध्ये फ्रेंच भाषेतली जागतिक स्पर्धा जिंकली, आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. शब्द म्हणजे अक्षरांची ग्राह्य मांडणी, इतकंच त्यानं कोशातून उचललं होतं. २०२४ मध्ये त्यानं स्पॅनिशमध्येही तेच करून दाखवलं. अक्षरं अर्थाशिवाय पाठ होतात, हे यावरून सिद्धच झालं. पण त्याला फ्रेंचमधून निमंत्रणपत्रिका लिहायची नव्हती. तुम्हाला लिहायची आहे. त्यामुळे तिच्याशी खेळा जरूर, फक्त जिंकणाऱ्या शब्दाचा अर्थ हरणाऱ्यानं शोधून सांगायचा असा नियम करा. तुमचाही फायदा, तिचाही.

वही नव्यानं 'ए'पासून? नको, ती पुन्हा 'जी'च्या आसपास दम तोडेल. नाद सोडणं? तेही नको, कारण पत्रं तर लिहायचीच आहेत. जुनी वही कपाटात न टाकता टेबलावर ठेवा, तिला तुमचा खाजगी कोश समजा. दुसरी, पातळ वही घ्या. तिच्यात रोज दहा नाही, तीन शब्द, आणि तेही तुम्हाला आलेल्या पत्रांतून, अहवालांतून उचललेले. शब्द भेटला ते वाक्य आधी उतरवायचं. खाली तुमचं वाक्य, उद्या खरोखर कुणाला तरी पाठवता येईल असं. अर्थ सगळ्यात शेवटी, छोट्या अक्षरात. जागा उरली तर शब्दाचे नातलग. दिसायला सारखा असणारा परका तिथे फिरकू द्यायचा नाही.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं की पाठ केलेलं सगळ्यात वेगानं विसरतं ते सुरुवातीच्या काळात. म्हणून उजळणी दुसऱ्याच दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. दर वेळी अर्थावर हात ठेवून. मला त्या प्रयोगातली दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटते. अर्थाची मदत होऊ नये म्हणून त्यानं मुद्दाम निरर्थक अक्षरगट पाठ केले होते. तुमच्या अक्षरवार पानांनी चांगल्या अर्थपूर्ण शब्दांची तीच गत केली.

किती शब्द लागतील, ही धास्तीही कमी करू. वर उल्लेख केलेल्या नेशन यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला होता की कादंबरी किंवा वर्तमानपत्र बिनमदतीचं वाचायला साधारण आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं, म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक, ओळखीची असावी लागतात. ही संख्या वाचण्याची आहे. लिहायला त्याचा लहानसा भाग पुरतो. म्हणून नव्या वहीत शब्दासमोर खूण करा: हा नुसता ओळखायचा, की वापरायचा. माझा नियम असा आहे की दुसऱ्यांनी लिहिलेल्या तीन वेगवेगळ्या वाक्यांत जो शब्द मला भेटलेला नाही, तो पन्नास जणांच्या पत्रात जात नाही. तिथे साधा 'फेमस' चालतो. संगणकाच्या स्पेलिंग तपासणीवर विसंबू नका. 'इन्फमस'चं स्पेलिंग अचूक होतं, तांबडी रेघ कशाला उमटेल?

आणि तो हसणारा मुलगा. पन्नास जणांत त्यानं एकट्यानं सांगितलं, हे बघा. बाकीच्यांना कळलं नसेल किंवा त्यांनी गप्प राहणं पसंत केलं असेल. पुढचं महत्त्वाचं पत्र पाठवण्याआधी त्यालाच वाचायला द्या. पहिल्यांदा जड जाईल.

नव्या वहीचं पहिलं पान मी सुचवते. 'फेम': लॅटिनमध्ये याचं मूळ लोकांची बोलवा, चारचौघांत होणारी चर्चा. त्यावरून 'फेमस'. 'इन्फमस', ज्याच्याविषयी वाईट बोललं जातं तो. 'डिफेम', बदनाम करणं. बोलण्याच्या याच मुळावरून 'फेबल', सांगितलेली गोष्ट, आणि 'इन्फंट', ज्याला अजून बोलता येत नाही ते तान्हं मूल. तिथला 'इन' नकाराचा. पाहुण्यांसाठी तुम्हाला हवा होता तो शब्द 'एमिनंट', नामवंत. तो तुमच्या जुन्या वहीत 'ई'च्या पानावर असेल, तो इथे आणा आणि त्याच पाहुण्यांवर एक वाक्य लिहा. 'आय'नं सुरू होणारा, दोन 'एम'चा, 'लवकरच येऊन ठेपणारा' या अर्थाचा जो त्याच्यासारखा दिसतो, त्याला मात्र पुढचा महिनाभर या पानाच्या जवळपासही येऊ देऊ नका.